चाफा लावावा की निशिगंध? पहिल्यांदाच बाग करणाऱ्यांसाठी

बागेत पांढरं, सुगंधी काहीतरी हवं असं मनात आलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्हींचा वास संध्याकाळनंतर चढतो, दोन्हींना कडक ऊन लागतं आणि दोन्ही मूळची मेक्सिकोकडची. एवढं साम्य पाहून नवा माणूस दोन्ही शेजारी-शेजारी लावतो आणि एकाच झारीने दोघांना रोज पाणी घालतो. काही महिन्यांत चाफा बुडातून कुजतो. किंवा चाफ्याला जपायचं म्हणून पाणी तोडलं जातं आणि निशिगंधाचा दांडा वीतभर येऊन थांबतो.

चाफा हे झाड आहे. जाड, गरदार फांद्यांत तो स्वतःपुरतं पाणी साठवतो आणि कोरड्या दिवसांत पानं टाकून गप्प उभा राहतो. निशिगंध हा कंद आहे. वाढीच्या तीन-चार महिन्यांत त्याला खायला-प्यायला भरपूर लागतं, मग तो मातीत झोपतो. चाफ्याची जागा एकदाच ठरते, पुढची कित्येक वर्षं तीच राहते. निशिगंधाचा निर्णय एका हंगामापुरता असतो, चुकला तर पुढच्या वेळी कंद दुसरीकडे लावता येतात. म्हणून कोणाचा वास जास्त आवडतो हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी जागा किती आहे आणि रोज हात लावायला वेळ किती आहे, ते बघा.

१. नेमकं कुठलं रोप, ते आधी पक्कं करा

मराठीत 'चाफा' या एका नावाखाली बरीच वेगवेगळी झाडं येतात. सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा आणि नागचाफा ही सगळी वेगळी. इथे सांगितलेली पद्धत फक्त पाच पाकळ्यांच्या, फांदी मोडली की पांढरा चीक येणाऱ्या खुरचाफ्यासाठी, म्हणजे प्लुमेरियासाठी आहे. सोनचाफ्याची फांदी अशी सुकवून मातीत खोचलीत तर ती फक्त वाळेल.

खुरचाफ्यातही तीन प्रकार सहज मिळतात. टोकदार पानांचा प्लुमेरिया रुब्रा हा गुलाबी, तांबडा, पिवळा, पांढरा अशा अनेक रंगांत येतो आणि थंडीत किंवा कोरड्या दिवसांत पूर्ण निष्पर्ण होतो. गोलसर टोकाच्या, चकचकीत पानांचा प्लुमेरिया ऑब्टुसा बराच काळ हिरवा राहतो. त्याची फुलं पांढरी, मध्ये पिवळी. तिसरा प्लुमेरिया पुडिका. याची पानं नागाच्या फण्यासारखी असतात आणि झाड फुलांनी लगडतं, पण वास जवळजवळ नाही. सुगंधासाठी चाफा घ्यायचा असेल तर पुडिका टाळा. रोप घेताना पानाचा आकार पाहिला तरी ही चूक होत नाही.

निशिगंधाला गुलछडी म्हणतात, हिंदीत रजनीगंधा. रातराणी म्हणजे निशिगंध नव्हे. रातराणीचं झुडूप असतं, तिला कंद नसतो. पाकिटावर कधी पोलिआंथेस ट्युबरोसा, तर कधी अगेव्ह अमिका असं नाव दिसेल. २०१७ मध्ये या वनस्पतीला अगेव्ह प्रजातीत (जीनसमध्ये) धरून नवं नाव मिळालं, रोप एकच. यात एकेरी आणि दुहेरी असे दोन मुख्य प्रकार. एकेरीला पाकळ्यांचा एकच फेर असतो आणि वास जास्त. दुहेरी फूल भरगच्च, दांड्यावर देखणं दिसतं आणि फुलदाणीसाठी लोक तेच घेतात. बागेत वास हवा असेल तर एकेरी घ्या.

२. जागा पारखा

दोघांनाही दिवसाचं किमान सहा तास थेट ऊन हवं. यात तडजोड नाही. सावलीत चाफा नुसत्या लांब, बारीक फांद्या सोडतो आणि निशिगंध गवतासारखी पानं.

जमिनीतला चाफा साधारण ५ ते ८ मीटर उंच होतो आणि जवळपास तेवढाच पसरतो. फांद्या ठिसूळ असतात, भर वाऱ्यात मोडतात. म्हणून भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून निदान ३ मीटर अंतर सोडा. मुळं भिंती फोडणारी नाहीत, त्याची काळजी नको.

निशिगंधाला एक चौरस मीटरचा वाफा पुरतो. एवढ्यात २० सेंटीमीटर अंतराने २५ कंद बसतात. तेही नसेल तर १२ इंची कुंडीत तीन ते पाच कंद लावा.

निचऱ्याची परीक्षा मात्र दोघांसाठी करा. फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभराने पातळी किती उतरली ते पट्टीने मोजा. तासाला २-३ सेंटीमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर चाफा सपाट जमिनीत लावू नका. फूटभर उंच मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. निशिगंधासाठी गादीवाफा १५ सेंटीमीटर उचलला की काम होतं.

३. काय काय जमवायचं

चाफ्यासाठी:
- ३० ते ४५ सेंटीमीटर लांबीची, अंगठ्याएवढी जाड, करड्या सालीची फांदी (हिरवी, कोवळी नको)
- धारदार कातर, पुसायला स्पिरिट
- रबरी हातमोजे
- ६ ते ८ इंची कुंडी, जाड वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)
- आधाराची काठी आणि मऊ सुतळी

निशिगंधासाठी:
- किमान दीड ते दोन सेंटीमीटर जाडीचे, टणक कंद
- चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास
- निंबोळी पेंड, चौरस मीटरला दोन मुठी
- खुरपं, आणि कंद कुठे लावले ते लक्षात राहावं म्हणून खुणेच्या पट्ट्या

कंद हातात घेऊन अंगठ्याने मानेपाशी दाबून बघा. घट्ट लागला तर चांगला. दबला, ओलसर वाटला किंवा कुबट वास आला तर कितीही मोठा असो, बाजूला ठेवा. एक कुजका कंद वाफ्यात शेजारच्यांनाही घेऊन जातो.

४. चाफ्याची फांदी लावणं

बी पेरून चाफा येतो, पण फूल यायला तीन वर्षं किंवा जास्तही लागतात आणि रंग आईसारखाच निघेल याची खात्री नाही. फांदीवरून केलेलं झाड हुबेहूब मूळ झाडासारखं असतं आणि बहुधा एक ते तीन वर्षांत फुलतं. म्हणून फांदीच.

थंडी सरून ऊन तापायला लागलं की फांदी काढा. कापताच चीक ठिबकू लागेल. तो कातडीला चुरचुरतो, डोळ्यांना त्रासदायक असतो आणि कपड्यावरचा डाग सहज जात नाही. मोजे घाला, हात साबणाने धुवा, लहान मुलं आणि पाळीव प्राणी लांब ठेवा.

फांदीवरची मोठी पानं काढून टाका. टोकाला कळ्यांचा गुच्छ असेल तर तोही, मन घट्ट करून. मुळं नसलेल्या फांदीतलं सगळं बळ तो गुच्छ पिऊन टाकतो.

आता ती फांदी सावलीत, वारं लागेल अशा कोरड्या जागी आडवी ठेवून द्या. आठवडा ते दोन आठवडे. नवख्यांना हेच सगळ्यात अवघड जातं. तोडलेली फांदी लगेच पाण्यात किंवा मातीत घालायची सवय हाताला असते, आणि चाफा तिथेच हातचा जातो. कापलेला भाग रोज बघा. पहिल्या दिवशी तो पांढरा आणि चिकट दिसतो. मग चीक वाळून पिवळट पापुद्रा धरतो. शेवटी कडा आत वळून तळ बुचासारखा कडक होतो, नखाने टोचलं तरी ओल लागत नाही. तेव्हाच लावा. साल थोडी सुरकुतली असेल तरी घाबरू नका, मुळं फुटली की ती पुन्हा भरते.

कुंडीत अर्धी वाळू किंवा परलाइट आणि अर्धं कोकोपीट भरा. खत बिलकुल नको. फांदी ७ ते १० सेंटीमीटर खोल घाला आणि काठीला बांधा. हलती फांदी नुकती फुटलेली मुळं स्वतःच तोडते. लावताना एकदा पाणी द्या. नंतर मिश्रण बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडं लागेपर्यंत थेंबही नाही.

उबदार हवेत सहा ते आठ आठवड्यांत मुळं धरतात, गारव्यात जास्त वेळ जातो. इथे एक फसवा क्षण येतो. टोकाला हिरवी पानं फुटतात आणि वाटतं, जगलं! पण ही पानं फांदीतल्या साठ्यावर आलेली असतात, खाली मूळ नसूही शकतं. लगेच पाणी वाढवलंत तर कुज सुरू होते. फांदी उपटून बघण्यापेक्षा पहिल्यापासूनच पारदर्शक प्लास्टिकच्या, तळाला भोकं पाडलेल्या डब्यात लावा. पांढरी मुळं कडेला दिसतात, अंदाज लावावा लागत नाही.

फांदीचा तळ मऊ, तपकिरी, दाबल्यावर पाणी सुटणारा झाला तर सगळं संपलं असं नाही. कातर स्पिरिटने पुसून वर-वर कापत जा. आतला गर स्वच्छ पांढरा दिसला आणि चीक आला की थांबा. पुन्हा दोन आठवडे सुकवा आणि नव्या मिश्रणात लावा.

मुळांनी डबा भरला की जमिनीत ६० सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा करून लावा. खड्ड्यात दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कंपोस्ट. कुंडीतच ठेवायचा असेल तर हेच मिश्रण आणि पुढे १६-१८ इंची कुंडी.

५. निशिगंधाचे कंद लावणं

वाफा फूटभर खोल खणून त्यात खत आणि निंबोळी पेंड मिसळा. खत अर्धकच्चं असेल तर थांबा. ताजं शेण कंदाला पोळतं आणि बुरशीला आमंत्रण देतं.

कंद ५ ते ७ सेंटीमीटर खोल, टोक वर करून लावा. माती हलक्या हाताने दाबा, एकदा भरपूर पाणी द्या आणि मग हात आवरा. कोंब वर येईपर्यंत कंदाला पाणी प्यायला मूळच नसतं. साधारण दोन-तीन आठवड्यांत हिरवी टोकं दिसतात. तोवर माती नुसती दमट राहिली तरी बस. कोंब आला नाही म्हणून रोज पाणी ओतणं, हे निशिगंध न उगवण्याचं सगळ्यात मोठं कारण.

चार-पाच पानं झाली की नियम उलटा होतो. आता वरची माती सुकू देऊ नका. दर तीन-चार आठवड्यांनी मूठभर गांडूळखत कंदाभोवती, खुरप्याने हलकेच मिसळून. दांडा निघताना पाण्यात खंड पडला तर दांडा आखूड राहतो आणि वरच्या कळ्या न उमलताच गळतात.

लावल्यापासून तीन ते चार महिन्यांत फूल येतं. सगळे कंद एकाच दिवशी लावलेत तर सगळा बहरही एकदमच येऊन जाईल. पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत लावा, म्हणजे वास जास्त दिवस पुरतो.

६. वर्षभराची निगा

जमिनीतला चाफा पहिलं वर्ष सांभाळला की नंतर त्याला फारसं काही नको. वाढीच्या दिवसांत आठवड्याला एकदा खोल पाणी द्या, तेही पाऊस नसेल तर. पानं गळाली की पाणी जवळपास बंद. निष्पर्ण चाफा पाहून 'मेला बहुतेक' म्हणून धास्तीने पाणी घालणं हेच त्याचं मरण असतं. शंका असेल तर नखाने साल जरा खरवडा, खाली हिरवं दिसलं आणि चीक आला की झाड जिवंत आहे.

नत्र जास्त असलेलं खत दोघांनाही देऊ नका, पानं मस्त येतात आणि फूल रुसतं.

चाफ्याची छाटणी जपून करा. फूल फांदीच्या टोकावरच येतं. गुच्छ फुलून गेला की त्या टोकाखाली दोन-तीन नव्या फांद्या फुटतात आणि पुढचा बहर त्यांच्या टोकावर. झाडाला आकार द्यायचा म्हणून दरवर्षी सगळी टोकं छाटली तर बहरच छाटला जातो. छाटायचंच असेल तर पानगळीच्या शेवटी, नवी पालवी फुटण्याआधी, आणि एका वर्षी फक्त काही फांद्या. छाटलेल्या फांद्या टाकू नका, त्या म्हणजे तयार रोपं.

निशिगंधाच्या बाबतीत एक गोष्ट आधी माहीत असली की निराशा टळते: एक कंद एकदाच फुलतो. फुलून गेलेला कंद पुन्हा दांडा देत नाही, त्याच्या बाजूला पिल्लं धरतात आणि पुढच्या वेळी ती फुलतात. दोन-तीन वर्षांत एवढी दाटी होते की पानांचं रान माजतं आणि दांडे विरळ होतात. तेव्हा कंद उकरायचे. पानं पिवळी पडली की दोन-तीन आठवडे पाणी तोडा, मग कुदळीने लांबून खणून गड्डा अखंड उचला. माती झटकून पिल्लं हाताने सुटी करा, सावलीत वाळवा आणि महिनाभर विश्रांती देऊन मोठी पुन्हा लावा. दीड सेंटीमीटरपेक्षा बारीक असलेली वेगळ्या वाफ्यात लावा. ती यंदा फुलणार नाहीत, पण पुढच्या वर्षीचा साठा तोच आहे.

जिथे थंडी कडक पडते तिथे आणखी एक काम वाढतं. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागलं की कुंडीतला चाफा आत घ्या. निष्पर्ण अवस्थेत तो कोरडाच काही महिने राहतो. निशिगंधाचे कंद दहिवर गोठण्याआधी काढून १५ ते २० अंशांत, कोरड्या वाळूत किंवा कागदी पिशवीत ठेवा. फ्रिजमध्ये नको. ट्युलिपच्या कंदांना गारवा मानवतो म्हणून लोक हेही थंडाव्यात ठेवतात, पण निशिगंधाचा फुलाचा कोंब त्याने खराब होतो.

७. रोग-किडी: काय दिसलं तर काय

चाफ्याच्या पानाखाली नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. अशी पानं तोडून, गळलेली गोळा करून बागेबाहेर टाका आणि पाणी पानांवर न टाकता बुडाशी द्या. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलंत तर पानं करपतात.

निशिगंधाच्या कळ्यांवर तपकिरी ओरखडे आले, पाकळ्या वाकड्या झाल्या, तर बहुधा फुलकिडे. वरचाच फवारा आठवड्याच्या अंतराने तीनदा. पानं बुडाशी लोळू लागली, तिथे पांढरे धागे आणि मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले तर मात्र ती जमिनीतली बुरशी. फवारत बसू नका. रोप भोवतालच्या मातीसकट उचला आणि त्या जागी काही वर्षं कंद लावू नका. ते दाणे मातीत दीर्घकाळ जिवंत राहतात.

८. दोन्ही हवे असतील तर

लावता येतात, पण चाफ्याच्या अळ्यात निशिगंध नको. आज चाफा लहान आहे म्हणून खाली ऊन दिसतं, चार वर्षांनी तिथे सावली असेल. आणि निशिगंधासाठी दिलेलं पाणी चाफ्याच्या बुडाशी मुरत राहील. निदान ३ मीटर अंतर ठेवा, किंवा निशिगंध कुंड्यांत ठेवा, म्हणजे ऊन सरकेल तशा कुंड्या सरकवता येतात.

जागा ठरवताना संध्याकाळी तुम्ही बसता कुठे, ते बघा. दोन्ही फुलं रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांना बोलावण्यासाठी अंधारात वास सोडतात. (चाफ्याच्या फुलात मध नसतो, पतंग नुसत्या वासाला भुलून येतो आणि रिकाम्या हाताने जातो.) खिडकीपासून चार पावलांवर चाफा आणि उंबऱ्याजवळ निशिगंधाच्या दोन कुंड्या, ही मांडणी चांगली जमते. निशिगंधाचा वास बंद खोलीत काहींना जड होतो, झोपायच्या खोलीत एकापेक्षा जास्त दांडे ठेवू नका.

९. फुलं काढताना

निशिगंधाचा दांडा खालची दोन-तीन फुलं उमलली की कापा, अगदी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. फुलं खालून वर उमलत जातात, त्यामुळे फुलदाणीतही पुढचे काही दिवस नवी उमलत राहतात. रोज पाणी बदला, दांड्याचा तळ दर दोन दिवसांनी सेंटीमीटरभर तिरका कापा आणि सुकलेली खालची फुलं खुडत जा. कापताना बुडाची पानं मात्र तशीच राहू द्या. खालची पिल्लं त्यांच्यावरच मोठी होत असतात.

चाफ्याचा गुच्छ कापू नका. सकाळी झाडाखाली पडलेली फुलं उचला, ती ताजीच असतात. पसरट भांड्यातल्या पाण्यावर सोडली की दिवसभर टिकतात.